अर्धशिशीचा रुग्ण आणि त्याच्या घरची माणसे

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि देणगीदारांची यादी यांच्यासोबत एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख असावा, अशी विश्वस्त मंडळाची इच्छा असते. हा लेख सामान्यतः आपल्या डॉक्टरांपैकी कोणीतरी लिहितात. यंदा तो माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडे आला, कारण विषय मी सुचविला होता आणि ज्याने सुचविला त्यानेच लिहावा असे बैठकीत ठरले. लेखातील वैद्यकीय भाग आपल्या फिजिशियन डॉक्टरांनी वाचून आवश्यक तेथे दुरुस्त केला आहे. घरगुती भागाची जबाबदारी माझी.

विषय अर्धशिशीचा, ज्याला आता बहुतेक सर्वजण मायग्रेन म्हणतात. डायलिसिसचे यंत्र, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, नवजात बालकांसाठी काचेची पेटी यांसाठी आपणांकडून उदार हस्ते देणग्या येतात. डोकेदुखीसाठी देणगी द्यावयास आजवर कोणी आलेले नाही आणि त्यात देणगीदारांचा काही दोष नाही. या आजाराने माणूस सहसा दगावत नाही, त्याचा फोटो अहवालात छापता येत नाही आणि रुग्ण दोन दिवसांनी उठून पुन्हा कामाला लागतो. तरीही जगभरातील आजारांचा भार मोजणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात, माणसाच्या आयुष्यातील कामाची वर्षे अधू करणाऱ्या कारणांत मायग्रेनचा क्रमांक दुसरा लागला. तरुण स्त्रियांत तो पहिला होता. आपल्या शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरू आणि भोवतालच्या ग्रामीण भागांत घरोघर जाऊन केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत १८ ते ६५ वयाच्या दर चार माणसांमागे सुमारे एकाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले. म्हणजे हा अहवाल हाती घेणाऱ्या बहुतेकांच्या नात्यात असा एक रुग्ण असणार.

‘अर्धशिशी’ या शब्दातच आजाराचे अर्धे वर्णन आहे. सुश्रुतसंहितेत यास ‘अर्धावभेदक’ म्हटले आहे. मायग्रेन हा शब्दही मूळ ग्रीक भाषेतील ‘अर्धे कपाळ’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आलेला आहे. असे असले तरी दुखणे नेहमी अर्ध्या बाजूसच असते असे नाही. डॉक्टर ज्या खुणा पाहतात त्या अशा : ठणकणारी, मध्यम ते तीव्र वेदना, जिना चढणे, वाकणे अशा साध्या हालचालीने ती वाढणे, मळमळ वा उलटी, उजेड आणि आवाज सहन न होणे. औषध न घेतल्यास असा एक झटका ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकतो. काहींना वेदनेपूर्वी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात किंवा बोटांना, ओठांना मुंग्या येतात. हा प्रकार ५ मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि मासिक पाळीच्या आसपास इस्ट्रोजेन या संप्रेरकाची पातळी उतरते तेव्हा अनेकींना झटका येतो.

आपल्याकडे या आजारास आणखी एक नाव आहे, ते म्हणजे ‘पित्त’. उलटी झाली की पुष्कळांना बरे वाटते, म्हणून ‘पित्त पडले’ असे आपण म्हणतो आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या चालू राहतात. कोणाचे सायनस म्हणून, कोणाचे चष्म्याचा नंबर वाढला म्हणून उपचार चालतात. वस्तुतः उलटी हा झटक्याचाच एक भाग आहे, त्याचे कारण नव्हे. मूळ बिघाड मेंदूत आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंत असतो आणि तो बहुधा घराण्यातून आलेला असतो.

आता घरचा भाग. माझी पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमचे लग्न झाल्यापासून तिचे डोके दुखत असे आणि दुखे ते मुख्यतः रविवारी. आठवडाभर शाळा सुरळीत, आणि सुटीच्या दिवशी, नेमके माझ्या घरची मंडळी यावयाची असली की, ही पडदे ओढून पडलेली. हिशोब तपासण्याची सवय असलेल्या माणसाच्या मनात यातून जो निष्कर्ष निघावयाचा तोच माझ्या मनात निघाला. मी तो कधी बोलून दाखविला नाही. परंतु न बोलता दाखविण्याचे मार्ग प्रत्येक नवऱ्याला ठाऊक असतात. आमची आई तर स्पष्टच म्हणे, “आमच्या वेळी डोकं दुखायला सवड नव्हती.” पुतण्याच्या मुंजीत पत्नी कार्यालयातील एका खोलीत अंधार करून पडली होती. लोक विचारू लागले तेव्हा मी आत जाऊन म्हणालो, “जरा तोंड धुऊन बाहेर ये, बरं दिसत नाही.” ती उठली. सनईचा कर्णा आणि व्हिडिओवाल्याचा दिवा यांच्यासमोर पंगतीत वाढावयास उभी राहिली, आणि थोड्या वेळाने कार्यालयाच्या मागच्या अंगणात तिला सर्वांदेखत उलटी झाली. त्या वेळी मला लाज वाटली ती माझ्या प्रतिष्ठेची. तिला काय झाले असेल हा विचार घरी परतताना रिक्षात आला.

रविवारचे कोडे पुढे डॉक्टरांनी उलगडून सांगितले. आठवड्याचा ताण ओसरतो त्याच वेळी झटका येणे ही या आजाराची परिचित रीत आहे. सुटीच्या दिवशी माणूस उशिरा उठतो, चहा दोन तास लांबतो, नाश्ता टळतो; या तिन्ही गोष्टी मायग्रेनच्या मेंदूस सोसत नाहीत. म्हणजे ज्यास मी कांगावा समजत होतो, ते रोगाचे लक्षणच होते. आईची गोष्टही नंतर उमगली. महिन्यातून एकदोनदा ती कपाळावर सुंठीचा लेप लावून, डोक्यास फडके घट्ट बांधून माजघरात भिंतीकडे तोंड करून बसे. त्या दिवशी आम्हां मुलांना अंगणात पिटाळले जाई. सवड तिलाही मिळत नव्हती. दुखणे मात्र होतेच.

तपासण्यांविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण देयकांच्या खिडकीवर तिच्यावरून नेहमी वाद होतात. मायग्रेनचे निदान मुख्यतः रुग्णाने सांगितलेल्या हकिकतीवरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून होते. सीटी स्कॅन वा एमआरआय ही तपासणी दुसरा आजार नाही ना हे पाहण्यासाठी असते आणि सर्वांना तिची गरज नसते. ती केली आणि ‘नॉर्मल’ आली, तर नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि रुग्णाकडे वळून म्हणतात, “बघ, काही नाही.” त्या ‘काही नाही’चा अर्थ गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढाच. रुग्णास मात्र तो वेगळाच ऐकू येतो. यावर पैसे खर्च करून घरातील संशय वाढविणारी कुटुंबे मी बाह्यरुग्ण विभागात पाहिली आहेत. आमचे कुटुंब त्यांपैकीच एक होते.

झटका आला असता घरच्यांनी काय करावे? प्रथम बोलणे थांबवावे. “आता कसं वाटतंय?” हा प्रश्न दर दहा मिनिटांनी विचारणे हे प्रेमाचे लक्षण असले तरी रुग्णास प्रत्येक उत्तरासाठी डोके हलवावे लागते. खोलीतील दिवा मालवावा, पडदा ओढावा, दूरदर्शन संच बंद करावा. उदबत्ती, अत्तर, डास पळविणारी कांडी आणि स्वयंपाकघरातील फोडणी यांचा वास झटक्यात असह्य होतो. त्या वेळेपुरते बिनफोडणीचे जेवण घरातील कोणी पुरुषाने केले तरी चालते, मी वरणभात याच निमित्ताने शिकलो. उशाशी पाण्याचे भांडे, हाताशी बादली, कपाळावर वा मानेवर गार पाण्याची घडी. बामचा वास काहींना सोसतो, काहींना नाही. विचारून घ्यावे, पण झटक्यात नव्हे, बरे असताना. मुलांना शेजारी पाठवावे आणि आलेल्या पाहुण्यास दारातच खरे कारण सांगावे. “थोडं बरं नाही” असे मोघम सांगितले की पाहुणा आत येऊन विचारपूस करतो.

डॉक्टरांनी सांगितलेले औषध दुखणे सुरू होताच, सौम्य असतानाच घ्यावयाचे असते. आपल्याकडील रीत उलट आहे. ‘सहन होईल तोवर गोळी घेऊ नये’ हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि गोळी घेतली जाते ती वेदना शिगेस पोहोचल्यावर. परंतु झटक्यात जठराची हालचाल मंदावते, पोटात गेलेली गोळी रक्तात उतरावयास वेळ लागतो, पुष्कळदा ती उलटून पडते. म्हणून डॉक्टर काहींना उलटी थांबविणारे औषधही सोबत देतात. साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल तर सुमाट्रिप्टानच्या वर्गातील औषधे उपलब्ध आहेत. मात्र हृदयविकार असलेल्यांना ती चालत नाहीत, म्हणून ती शेजाऱ्याच्या पट्टीतून घेऊ नयेत.

लवकर घ्यावे आणि तरीही फार वेळा घेऊ नये, ही या आजारातील खरी अडचण. या लेखाचे प्रयोजनही येथेच आहे. महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळ्या, अथवा १० किंवा अधिक दिवस ट्रिप्टान, एर्गोटामीन, कोडीन किंवा अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्या, असे तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर गोळ्याच डोकेदुखी निर्माण करू लागतात. मग गोळी उतरली की डोके दुखते आणि डोके दुखते म्हणून गोळी. कर्जाचे व्याज भागविण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्या माणसाची स्थिती याहून वेगळी नसते. यात रुग्णाचा हव्यास नसतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जावयाचे असते, डबे करावयाचे असतात, आणि औषधांच्या दुकानात गोळी मागितली की मिळते.

आमच्याकडे हे उघडकीस आले ते एका वहीमुळे. डॉक्टरांनी पत्नीस डोकेदुखीची नोंद ठेवावयास सांगितले होते. झटक्यात तिला लिहिणे जमत नसे, म्हणून ते काम माझ्याकडे आले. मी रोजकीर्दीप्रमाणे रकाने पाडले : तारीख, दुखणे सुरू झाल्याची वेळ, तीव्रता, गोळीचे नाव व संख्या, त्या दिवशीचे जेवण आणि झोप, पाळीची तारीख, बुडालेले काम. पत्नीच्या अंदाजाने ती आठवड्यास ‘एखाददुसरी’ गोळी घेत होती. महिनाअखेर बेरीज केली तेव्हा गोळीचे दिवस २२ निघाले. आम्ही दोघे स्वयंपाकघरातील टेबलाशी ते पान पाहत बसलो. ती म्हणाली, “अहो, इतक्या? बेरीज चुकली असेल.” बेरीज चुकली नव्हती. त्याच पानावर मला आणखी एक आकडा दिसला. दुखण्याचे दिवस २५ होते आणि त्यांपैकी शाळा बुडालेले फक्त दोन. उरलेल्या दिवसांत ती दुखत्या डोक्याने वर्गावर उभी राहिली होती, घरी येऊन स्वयंपाक केला होता आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. इतकी वर्षे ही कांगावा करते असे समजणाऱ्याला त्या दोन आकड्यांनी जे सांगितले ते कोणी तोंडी सांगून पटले नसते.

डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या बंद करावयास सांगितले. अशा वेळी डोकेदुखी आधी वाढते. पहिले २ ते १० दिवस साधारणपणे सर्वांत कठीण असतात. कोणत्या गोळ्या एकदम आणि कोणत्या हळूहळू बंद करावयाच्या हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते, कारण काही औषधे अचानक सोडणे धोक्याचे असते. घरच्यांची खरी गरज या दिवसांत असते. आमचे ते दिवस नेमके लेखापरीक्षणाच्या आठवड्यात आले. मी तेव्हाच्या विश्वस्तांकडे रजा मागितली तेव्हा त्यांनी कारण विचारले; “पत्नीचे डोके दुखते” हे वाक्य त्या टेबलासमोर उच्चारताना मला जे अवघडल्यासारखे झाले, तेवढे अवघडलेपण तिने मुख्याध्यापकांसमोर कितीतरी वेळा सोसले असेल. रजा मिळाली. चौथ्या दिवशी पहाटे तिने गोळी मागितली, मी दिली नाही, ती रडली आणि मग मीही. आठव्या दिवशी तिने चहा मागितला.

सोबत झटके टाळण्यासाठी रोज घ्यावयाचे औषध सुरू झाले होते. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन अशी काही औषधे यासाठी वापरतात. दम्याच्या रुग्णास प्रोप्रानोलॉल चालत नाही, गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रीस टोपिरामेट व व्हॅल्प्रोएट टाळतात, म्हणून आपले सर्व आजार डॉक्टरांना सांगावे लागतात. अलीकडे, २०१८ पासून, मायग्रेनमध्ये भाग घेणाऱ्या सीजीआरपी या रेणूस रोखणारी इंजेक्शनेही निघाली आहेत. ती महाग आहेत. रोजच्या औषधाचा गुण दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात. “आठ दिवस घेतलं, काही फरक नाही” म्हणून ते बंद करणारे रुग्ण फार, आणि त्यांना तसे करावयास सांगणारे नातेवाईक त्याहून अधिक. झटके निम्म्यावर आले तरी डॉक्टर ते औषध लागू पडले असे समजतात, हे आधीच ठाऊक असले म्हणजे निराशा होत नाही.

झटका कशाने येतो याचा शोध घेणे उपयोगाचे आहे, पण तो बेताने. उपाशी राहणे हे पुष्कळांचे कारण असते. हरतालिकेचा निर्जळी उपास किंवा संकष्टीला चंद्रोदयापर्यंतची उपाशी संध्याकाळ अनेकींना झटक्यातच संपवावी लागते. घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतः होऊन “तू फराळ कर, औषध घे” असे म्हटले तर पुष्कळ काम होते. सुनेने ते मागून घेणे अवघड असते. ऊन, जागरण, मांडवातील ध्वनिवर्धक ही आणखी काही कारणे. डोक्यावरून आंघोळ केली की दुखते असे बायका सांगतात, त्यास आपण समजूत म्हणून हसत होतो. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली आहेत. परंतु कारणांचा शोध लवकरच दोषारोपात बदलतो. “चॉकलेट खाल्लंस ना, मग दुखणारच.” झटक्याच्या आधी काही तास वा एखादा दिवस जांभया येणे, मान आखडणे, चिडचिड होणे, गोड खावेसे वाटणे ही त्याची पूर्वलक्षणे असतात, म्हणजे गोड खाल्ल्याने झटका आला असे न होता, झटका सुरू झाल्यामुळे गोड खावेसे वाटले, असेही असू शकते. कधी कधी काहीच कारण सापडत नाही. तो रकाना कोरा राहू द्यावा.

काही डोकेदुखी मात्र घरी अंधारात पडून राहण्याची नसते. क्षणार्धात शिगेस पोहोचलेली, आयुष्यात कधी न झालेली वेदना; तापासोबत मान ताठ होणे; हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, शुद्ध हरपणे, दृष्टी जाणे; डोक्यास मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे; गरोदरपणात वा बाळंतपणानंतर नव्याने सुरू झालेले; पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेले. यांपैकी काहीही असल्यास वही बाजूस ठेवून रुग्णास तत्काळ तातडीच्या विभागात आणावे. तसेच डोळ्यांपुढे रेषा चमकणाऱ्या मायग्रेनच्या स्त्रीने इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्यापूर्वी ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी; या दोन्हींच्या जोडीने पक्षाघाताचा धोका वाढतो आणि धूम्रपान असल्यास तो आणखी वाढतो.

पत्नीचा आजार गेलेला नाही. आता महिन्यास चार-पाच दिवस दुखते, गोळीचे दिवस त्याहून कमी असतात आणि वही अजून मीच लिहितो. त्या वहीतील रकान्यांचे छापील पान एका विश्वस्तांच्या सूचनेवरून आपल्या रुग्णालयाने तयार करून घेतले आहे. ते नोंदणी खिडकीवर विनामूल्य मिळते; घरातील कोणीही येऊन न्यावे, त्यासाठी केसपेपर काढावा लागत नाही. डॉक्टरांकडे येताना किमान एका महिन्याचे भरलेले पान आणावे आणि घरात असतील त्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून सोबत आणाव्यात.